जुन्या इंजिनाची टायमिंग चेन बदलताना: नुसते ठिपके जुळवून भागत नाही

टायमिंग चेन म्हणजे क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) जोरावर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी. ती ‘लांबली’ असं सगळेच म्हणतात, पण तिच्या पोलादी पट्ट्या काही ताणल्या गेलेल्या नसतात. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांवर घासून केसाएवढं झिजतं. अशी पन्नासेक ठिकाणची झीज एकत्र झाली की चेन चार-पाच मिलिमीटरनी मोठी भरते. आवाज येतो तो तिथून. पण आवाज हा त्यातला किरकोळ त्रास. खरा तोटा म्हणजे कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या मागे पडतो, आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा बंद होतात.

हिशेब करून पाहा. ३/८ इंच पिचची (दोन पिनांमधलं अंतर), ५२ कड्यांची चेन म्हणजे ४९५.३ मिलिमीटर. तिची १ टक्का झीज म्हणजे जवळपास ५ मिलिमीटर. क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) २० आणि कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दाते असतील, तर ताणलेल्या बाजूला दोन चाकांच्या मध्ये साधारण ११ कड्या येतात. त्या ११ कड्यांतली वाढ कॅमला जवळपास १ अंश, म्हणजे क्रँकच्या मापात २ अंश, मागे टाकते. स्प्रॉकेटचे दाते झिजले असतील तर त्यात आणखी भर. बहुतेक जुन्या इंजिनांत प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमशाफ्टवरूनच फिरतो, त्यामुळे इग्निशनही तेवढंच मागे जातं. मग कुणीतरी डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग ‘लावून’ देतो, गाडी बरी चालते आणि चेनचा विषय मागे पडतो. व्हॉल्व्हचं टायमिंग मात्र होतं तिथेच राहतं.

टेन्शनरबद्दलही असाच गैरसमज आहे. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, तिच्या सैल बाजूला दाबतो. तो ढिलाई खातो, आवाज बंद करतो. ताणाची बाजू लांब झाली आहे, त्यावर त्याच्याकडे काही इलाज नाही. म्हणून इंजिन उघडलंच आहे तर ‘चेन अजून चालेल’ हा विचार करूच नये.

पुढची सगळी मापं एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीतल्या १७९८ सीसीच्या बीएमसी बी-सिरीज इंजिनाची आहेत. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह पुशरॉडवर (कॅमचा धक्का वर नेणाऱ्या दांडीवर), आणि पुढे पत्र्याच्या कव्हराआड दुपदरी चेन व तेलाच्या दाबावर चालणारा टेन्शनर, अशी त्याची रचना. दुसऱ्या पुशरॉड इंजिनांतही कामाचा क्रम हाच राहतो. आकडे मात्र त्या-त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यायचे.

आधी काय जमवायचं

नवी चेन, दोन्ही स्प्रॉकेट, टेन्शनर, त्याचं गॅस्केट आणि लॉक पत्री, कॅमच्या नटाचा लॉक वॉशर, पुलीच्या बोल्टचा लॉक वॉशर, कव्हरचं गॅस्केट, पुढचं ऑइल सील, क्रँकच्या वुडरफ की (चाक शाफ्टवर फिरू न देणाऱ्या अर्धगोल पाचरी), आणि क्रँक स्प्रॉकेटमागे घालायच्या शिमचा (पातळ चकत्यांचा) एक संच. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. झिजलेल्या दात्यांच्या खाचा जुन्या चेनच्या वाढलेल्या पिचशी जुळलेल्या असतात, त्यामुळे नव्या चेनचा भार मोजक्याच दात्यांवर येतो आणि ती लवकर झिजते.

चेन एकपदरी की दुपदरी, हे इंजिन उघडल्यावरच ठरवा. एमजीबीच्या नंतरच्या १८व्ही मालिकेत एकपदरी चेन आली. ती दुपदरी करायची तर दोन्ही स्प्रॉकेट आणि टेन्शनर त्याच जोडीचे लागतात. मिनी आणि मॉरिस मायनरमधल्या ए-सिरीज इंजिनात ही अदलाबदल करताना आणखी एक खुबी आहे. रुंद चेन पुढच्या प्लेटच्या दोन बोल्टच्या डोक्यांना घासते. तिथे प्लेटमध्ये खोलगट भोक करून बसक्या डोक्याचे स्क्रू वापरावे लागतात. ते विसरलात तर पहिल्याच फेऱ्यांत खरखर ऐकू येईल.

चेन शक्यतो अखंड, म्हणजे जोडकडी नसलेली घ्या. जोडकडीचीच मिळाली तर तिच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवायचं, उघडं टोक मागे.

हत्यारांत नेहमीच्या पाने-सॉकेटशिवाय टॉर्क रेंच, पुलर, सरळ पोलादी पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), डायल गेज, डिग्री व्हील (अंशांच्या खुणा असलेली चकती) आणि १/८ इंची ॲलन की हवी. ही शेवटची छोटी चीज नसेल तर टेन्शनरशी झटापट होते.

उघडताना

इंजिन स्टँडवर आहे, सम्प (खालचं तेलाचं भांडं) काढलेला आहे असं धरू. पुलीचा मोठा बोल्ट सोडवण्याआधी त्याच्या लॉक वॉशरची वळवलेली कड छिन्नीने सपाट करा. क्रँक फिरू नये म्हणून क्रँकचा वेब आणि ब्लॉकची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. लोखंड नको, लाकूडच. पुली हाताने निघाली नाही तर पुलर लावा, पण तो पुलीच्या मधल्या भागाला धरणारा असावा. रबराने जोडलेल्या डॅम्पर पुलीला बाहेरच्या कडेवरून ओढलं तर रबर सुटतं.

कव्हरचे बोल्ट दोन मापांचे असतात, १/४ आणि ५/१६ इंची. कोणता कुठला हे पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात खोचून ठेवलं की पुन्हा जोडताना डोकं खाजवावं लागत नाही. कव्हर निघालं की आधी क्रँकवरचा ऑइल थ्रोअर बघा. ही वाटीसारखी पातळ चकती कोणत्या बाजूने बसली होती ते टिपून ठेवा.

मग टेन्शनर. बॉडीच्या टोकाचा प्लग काढा, आत १/८ इंची ॲलन की घाला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा. चेनवर दाबणारा रबरी स्लिपर आत ओढला जातो आणि अडकतो. आता दोन बोल्टची लॉक पत्री उघडून टेन्शनर बाहेर घ्या. की न फिरवता बोल्ट काढलेत तर स्प्रिंग स्लिपरला बाहेर फेकते आणि आतला छोटा सिलिंडर टेबलाखाली शोधावा लागतो.

कॅमच्या नटाचा लॉक वॉशर सपाट करून नट काढा. दोन्ही स्प्रॉकेट चेनसकट एकत्र, दोन बाजूंनी दोन टोमी लावून, थोडं इकडे थोडं तिकडे करत पुढे सरकवा. क्रँकच्या स्प्रॉकेटमागे शिम असतात आणि तेलाने त्या शाफ्टला चिकटलेल्या असतात. त्या मोजून, पुसून, पिशवीत घाला. कचऱ्यात जाणाऱ्या भागांत यांचा नंबर पहिला लागतो.

जुने भाग काय सांगतात

फेकण्याआधी जुने भाग उजेडात धरा. नव्या जोडणीत काय सुधारायचं ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

जुनी चेन आडवी, म्हणजे कड्यांच्या पट्ट्या वर-खाली येतील अशी, दोन टोकांना धरून ताणा. नवी चेन जवळपास सरळ राहते. झिजलेली मध्ये कमानीसारखी झुकते. शेजारी नवी धरली की फरक एका नजरेत दिसतो.

स्प्रॉकेटच्या दात्यांकडे बघा. दाता एका बाजूने आकड्यासारखा वळला असेल तर ती साधी झीज. पण दात्याच्या फक्त एका कुशीवर आरशासारखी चकाकी असेल आणि चेनच्या पट्ट्याही त्याच बाजूने घासल्या असतील, तर दोन स्प्रॉकेट एका रेषेत नव्हते. तशीच जोडणी पुन्हा केली तर नवी चेनही तशीच संपेल.

कव्हरच्या आतली बाजू रॉकेलने पुसा. सैल चेन फटके मारत असेल तर तिथे चमकदार चर पडलेला दिसतो, बोटाच्या टोकाला त्याची कडही लागते. चर खोल असेल तर कव्हर बदला.

टेन्शनरच्या स्लिपरवर चेनच्या दोन रेघा उमटणारच. टेन्शनरचा बॉडीच पुन्हा वापरायचा असेल तर त्याच्या भोकाचं तोंड दोन दिशांनी मोजा. ०.००३ इंच, म्हणजे ०.०७६ मिलिमीटरपेक्षा जास्त अंडाकृती असेल तर पूर्ण टेन्शनर नवा घ्यायचा. त्याला तेल पुरवणारं ब्लॉकमधलं भोक आणि स्लिपरच्या तोंडावरचं बारीक छिद्र हवेने साफ करा. रिबिल्डमध्ये ब्लॉक धुऊन आलेला असला तरी या भोकात गाळ राहू शकतो. तेल मिळालं नाही तर टेन्शनर नुसत्या स्प्रिंगवर चालतो.

वुडरफ की खाचेत अंगठ्याने डुलत असेल तर की बदला. खाचच रुंदावली असेल तर क्रँक मशीन शॉपला परत पाठवण्याची तयारी ठेवा. कीमधली ढिलाई म्हणजे टायमिंगमधली ढिलाई.

कॅमशाफ्टची पुढची पट्टी बसवून कॅमचा लांबीतला खेळ डायल गेजने मोजा. तो ०.००३ ते ०.००७ इंच, म्हणजे ०.०८ ते ०.१८ मिलिमीटर हवा. जास्त असेल तर ती पट्टी बदलायची, कारण पुढेमागे सरकणारा कॅम चेनला वाकडं ओढतो.

दोन चाकं एका रेषेत

घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. क्रँक किंवा कॅम बदलला, क्रँक ग्राइंड झाला, थ्रस्ट वॉशर नवे पडले, स्प्रॉकेट वेगळ्या कारखान्याचे आले, की जुन्या शिमच्या जाडीला अर्थ उरत नाही.

दोन्ही स्प्रॉकेट चेनशिवाय आपापल्या शाफ्टवर बसवा. दोन्ही शाफ्ट एकाच बाजूला ढकलून त्यांचा लांबीतला खेळ संपवा. कॅम स्प्रॉकेटच्या दात्यांच्या कुशीवर सरळ पट्टी टेकवा, ती क्रँकच्या स्प्रॉकेटपर्यंत पोचली पाहिजे. पट्टी आणि क्रँकचं स्प्रॉकेट यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. त्या आकड्यातून ०.००५ इंच वजा करा. उरेल तेवढ्या जाडीच्या शिम क्रँक स्प्रॉकेटमागे घाला. उदाहरणार्थ फट ०.०१९ इंच भरली तर ०.०१४ इंचाच्या शिम. घातल्यावर पुन्हा मोजा.

दात्यांवर तेल किंवा गॅस्केटचा कण राहिला तरी पट्टी खोटं सांगते. पुसून, तीन ठिकाणी मोजून मगच आकडा खरा माना.

चेन चढवणं

नवी चेन आदल्या रात्री इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. वरून तेल ओतून ते पिन-बुशमध्ये लगेच पोचत नाही.

क्रँक अशी फिरवा की तिची की बरोबर वर, बाराच्या काट्यावर येईल. समोरून पाहताना कॅमची की साधारण एकच्या काट्यावर ठेवा. हेड बसवलेलं असेल तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे तरफे) ज्यावर असतात तो रॉकर शाफ्ट आधी काढून घ्या. नाहीतर कॅम आणि क्रँक वेगवेगळे फिरवताना व्हॉल्व्ह पिस्टनला भिडू शकतो.

टेबलावर दोन्ही स्प्रॉकेट चेनमध्ये असे बसवा की त्यांच्यावर जुळणीसाठी मारलेले ठिपके एकमेकांसमोर येतील. हा सगळा संच तसाच उचलून क्रँकच्या कीवर अडकवा. मग कॅमशाफ्ट किंचित मागेपुढे करून त्याची की स्प्रॉकेटच्या खाचेत आणा. दोन्ही चाकं समान सरकवत मागे टेकवा, हातोडा नको.

आता सरळ पट्टी दोन्ही शाफ्टच्या केंद्रांवरून धरा. दोन्ही ठिपके तिच्या कडेवर आले पाहिजेत. तिरप्या नजरेने पाहिलं तर एका दात्याची चूकही ‘बरोबर’ वाटू शकते. ४० दात्यांच्या चाकावर एका दात्याची चूक म्हणजे कॅमला ९ अंश, क्रँकला १८. इंजिन कदाचित सुरू होईलही, पण दम नसेल.

लॉक वॉशर, नट, आणि ६० ते ७० फूट-पाउंड, म्हणजे ८१ ते ९५ न्यूटन मीटर. वॉशरची कड वळवा. क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा, ठिपके पुन्हा समोरासमोर आले पाहिजेत. एकाच फेऱ्यानंतर कॅमचा ठिपका वर गेलेला दिसेल. घाबरू नका, कॅम अर्ध्या वेगानेच फिरतो.

ठिपके जुळले की पहिल्या सिलिंडरचा स्पार्क पडणार असं गृहीत मात्र धरू नका. चारापैकी पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात. पुढे डिस्ट्रिब्यूटर बसवताना पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, रॉकर ढिले आहेत, हे बघूनच खात्री करायची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

ठिपक्यांवर विश्वास किती

ठिपके चाकावर मारणारा वेगळा, चाकाची खाच कापणारा वेगळा, कॅम घासणारा तिसरा. प्रत्येकाची अंशभर चूक एकाच बाजूला पडली की कॅम तीन-चार अंश चुकीच्या जागी बसतो, ठिपके जुळलेले असूनही. कॅम नवा किंवा पुन्हा घासलेला असेल तर हे मोजल्याशिवाय कव्हर लावू नका. हेड अजून बसवलेलं नसेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

डिग्री व्हील क्रँकच्या टोकाला बसवा, ब्लॉकच्या एका बोल्टखाली तारेचा काटा अडकवा. पहिल्या सिलिंडरवर एक जाड पट्टी आडवी बोल्टने बांधा, पिस्टन तिला वरच्या टोकाच्या थोडा आधी अडेल अशी. क्रँक हलक्या हाताने एका दिशेने फिरवून पिस्टन टेकवा, आकडा लिहा. उलट दिशेने टेकवा, आकडा लिहा. दोन्हींच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सर्वात वरचं टोक. व्हील तिथे शून्यावर आणा, पट्टी काढा. पिस्टन डोळ्यांनी ‘सगळ्यात वर’ बघून टीडीसी ठरवता येत नाही, कारण त्या टोकाला क्रँक काही अंश फिरली तरी पिस्टन हलल्यासारखा दिसतच नाही.

आता पहिल्या सिलिंडरच्या इनलेट टॅपेटवर (कॅमवर टेकणाऱ्या तुकड्यावर) पुशरॉड उभा करून त्याच्या माथ्यावर डायल गेज लावा. बी-सिरीजमध्ये पुढून पहिला व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा आणि दुसरा इनलेटचा. इंजिन चालतं त्याच दिशेने क्रँक फिरवा आणि सर्वात जास्त लिफ्ट (उचल) गाठा. तिथे गेज शून्य करा. मग मागे जाऊन पुन्हा पुढे येताना लिफ्ट ०.५ मिलिमीटर कमी असताना व्हील किती दाखवतं ते लिहा. पुढे जाऊन उतरताना पुन्हा ०.५ मिलिमीटरवर आकडा घ्या. दोन्हींची सरासरी म्हणजे लिफ्टचा मध्य. आकडा चुकून पुढे गेला तर पाव फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. उलट्या दिशेने वाचलेल्या आकड्यात चेनची ढिलाई मिसळते.

एमजीबीच्या मूळ कॅमचा इनलेट टीडीसीच्या १६ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टनच्या सर्वात खालच्या टोकानंतर) ५६ अंशांनी बंद होतो. म्हणजे तो २५२ अंश उघडा राहतो आणि मध्य येतो टीडीसीनंतर ११० अंशांवर. तुमचे आकडे ९८ आणि १२८ आले तर मध्य ११३. कॅम ३ अंश मागे आहे. यावर इलाज म्हणजे कॅम स्प्रॉकेटची सरकवलेली की. कॅमशाफ्ट स्प्रॉकेटच्या मानाने फिरण्याच्या दिशेला पुढे जाईल अशी ती बसवायची. कीवरचे अंश क्रँकचे आहेत की कॅमचे, हे विकत घेताना विचारून घ्या. क्रँकचे ३ म्हणजे कॅमचे दीड. इथे गल्लत झाली तर दुरुस्ती दुप्पट किंवा निम्मी होते. की बदलल्यावर सगळं पुन्हा मोजायचं.

टेन्शनर, कव्हर, पुली

टेन्शनर बसवताना स्लिपर आत अडकवलेला असावा. गॅस्केट, लॉक पत्री, दोन बोल्ट. स्लिपर पुढच्या प्लेटला न घासता मोकळा सरकतो ना, हे बोटाने बघा. मग ॲलन की पुन्हा घाला आणि घड्याळाच्याच दिशेने फिरवा. स्लिपर सुटून स्प्रिंगने चेनवर जाऊन बसेल. की उलटी फिरवायची नाही, स्लिपरला स्क्रूड्रायव्हरने चेनकडे ढकलायचंही नाही. प्लग लावा, त्याची लॉक पत्री वळवा. नव्या चेनवर इंजिन पहिल्या दिवसापासून खडखडत असेल तर सर्वात आधी संशय इथेच घ्यायचा. टेन्शनर सोडायचा राहून गेलेला असतो आणि तो बघायला सगळं पुढचं तोंड पुन्हा उघडावं लागतं.

ऑइल थ्रोअरवर ‘एफ’ अक्षर असेल ती बाजू इंजिनापासून बाहेर. थ्रोअर आणि कव्हर एकाच काळातल्या जोडीचे असले पाहिजेत. नव्या पद्धतीच्या कव्हरला जुना थ्रोअर लावला तर गळती ठरलेली.

नवं सील कव्हरमध्ये सरळ ठोका, ओठाला तेल लावा. पुलीच्या मानेवर जुन्या सीलने पाडलेला चर नखाला अडकत असेल तर मानेवर पातळ दुरुस्ती-नळी चढवा, नाहीतर पुली बदला. कव्हरचे सगळे बोल्ट सैल ठेवा, पुली कीवर सरकवा, सील तिच्याभोवती आपोआप मध्यावर येईल. मग बोल्ट समोरासमोर आवळत जा: १/४ इंची ६ फूट-पाउंड (८ न्यूटन मीटर), ५/१६ इंची १४ फूट-पाउंड (१९ न्यूटन मीटर). आधी कव्हर आवळून मग पुली घातली की सील एका बाजूला दाबलं जातं. पुलीचा बोल्ट ७० फूट-पाउंड, म्हणजे ९५ न्यूटन मीटर, आणि लॉक वॉशर वळवलेला.

डिग्री व्हील काढण्याआधी पुलीवरची खूण आणि कव्हरवरचा काटा खऱ्या टीडीसीशी जुळतात का बघून ठेवा. रबरी डॅम्परची बाहेरची कडी वर्षानुवर्षांत सरकलेली असू शकते. खूण चुकीची असेल तर आत्ताच नवी मारा, नंतर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून तिच्यावरच इग्निशन लावायचं आहे.

पहिला स्टार्ट

स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर इंजिन फिरवा, तेलाचा दाब दिसेपर्यंत. मगच प्लग लावा. सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद चेनचा आवाज येऊ शकतो. टेन्शनरमध्ये तेल भरलं की तो जातो. नवा कॅम आणि टॅपेट असतील तर आयडलवर रेंगाळू नका, २००० ते २५०० आरपीएमवर साधारण २० मिनिटं चालवा.

आवाज राहिलाच तर कसा राहतो ते ऐका. आयडलला खडखड आणि वेग वाढला की बंद, तर तेलाचा दाब किंवा टेन्शनर. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर चेन कशाला तरी घासते आहे किंवा स्प्रॉकेट रेषेत नाहीत. टायमिंग लाइटमध्ये खूण एका जागी न थांबता थरथरत असेल तर आधी डिस्ट्रिब्यूटरचं बुश हलवून बघा, लगेच नव्या चेनवर ठपका ठेवू नका.

नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते. ८०० किलोमीटरच्या आसपास तेल बदलताना टायमिंग लाइट पुन्हा लावा. इग्निशन एखादा अंश मागे सरकलेलं दिसलं तर तेवढं पुढे घ्या. त्यानंतर ते पुन्हा पुन्हा मागे जात राहिलं तर तेल काढून गाळून बघा, त्यात पोलादाची चमक आहे का.